अविरोधाची सोय

(वडोदऱ्यात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

१४ जानेवारीला वडोदऱ्याचे आकाश पतंगांनी भरून जाते. मांडवीपासून मांजलपूरपर्यंत धाब्या-धाब्यांवर माणसे, चिक्की, उंधियू आणि 'काय पो छे'च्या आरोळ्या. सणाचे इथले नाव उत्तरायण. सूर्य उत्तरेकडे वळला म्हणून हा आनंद. वस्तुतः सूर्य वळलेला असतो तीन आठवड्यांपूर्वीच, २१ किंवा २२ डिसेंबरला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथपणे डुलतो, त्यामुळे मकरसंक्रांत आणि खरे उत्तरायण यांच्यात साधारण ७२ वर्षांना एक दिवस या गतीने अंतर पडत गेले. दोन्ही एका दिवशी येत होती त्याला सुमारे सतराशे वर्षे झाली. ही गोष्ट पंचांगकर्त्याला ठाऊक असते, भूगोलाच्या शिक्षकाला ठाऊक असते, आणि ते दोघे एकाच धाब्यावर एकाच फिरकीचा मांजा सोडत असतात. भांडण कुणी काढत नाही. काढूही नये, उंधियू गार होतो.

पण दोन न जुळणाऱ्या गोष्टी एका घरात गुण्यागोविंदाने नांदवण्याची ही जी आपली हातोटी आहे, ती पतंगापुरती राहत नाही. पृथ्वी सपाट की गोल, हा प्रश्न निघाला की आज अमेरिकेतल्या कुणा हट्टी मंडळींची चेष्टा होते आणि विषय संपतो. हाच प्रश्न १८३६-३७ साली मराठीत छापील पुस्तकांतून लढला गेला होता, लढणारे दोघेही शास्त्री होते, आणि त्या लढाईत सपाट पृथ्वीपेक्षाही चिवट असे काहीतरी पुढे आले, हे फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

त्या लढाईपूर्वी मराठी घरात दोन पृथ्व्या होत्या. एक पुराणातली. मध्ये मेरू, भोवती लाख योजनांचे जंबुद्वीप, मग खाऱ्या पाण्याचा समुद्र, पुढे एकाआड एक द्वीपे आणि उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे, गोड्या पाण्याचे समुद्र. सगळा विस्तार पन्नास कोटी योजने. सूर्य मेरूभोवती फिरतो, मेरूआड गेला की रात्र. चंद्र सूर्याच्याही वर लाखभर योजने.

दुसरी पृथ्वी पंचांगातली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' रचले आणि पुढची तीन-साडेतीन शतके महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे त्यावरून झाली. त्यातले गणित करायचे तर ज्योतिषाला आपल्या गावची पलभा लागते. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी बारा अंगुळांचा शंकू उन्हात उभा करायचा आणि मध्यान्हीला त्याची सावली मोजायची, ती पलभा. पुण्याची चार अंगुळे, उज्जैनची पाचाच्या थोडी वर, वडोदऱ्याची पाचाला जेमतेम कमी. गावागणिक ही सावली एका ठरलेल्या नियमाने बदलते, कारण पृथ्वी गोल आहे. ज्योतिषगणिताच्या सिद्धांतग्रंथांनी हे गृहीतच धरले होते. म्हणजे सकाळी गोल पृथ्वीवरून सूर्योदय काढणारा जोशी संध्याकाळी देवळात सपाट पृथ्वीचे पुराण सांगत होता, आणि श्रोत्यांपैकी कुणी त्याला अडवत नव्हते.

अडवणारे अगदीच नव्हते असे नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला, तेव्हा गोलाध्यायात त्यांनी पुराणिकांना सरळ प्रश्न विचारले. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्यावर उंचावरून फिरत असेल, तर तो सगळ्यांना सदासर्वकाळ का दिसू नये? मेरूमुळे रात्र होते म्हणता, तर सूर्य आणि आपण यांच्यामध्ये उभा राहिलेला तो मेरू दिसत का नाही? पृथ्वीला कुणीतरी आधार दिला आहे म्हणता, तर त्या आधाराला कोण आधार देतो? शेवटी कुठेतरी स्वतःच्या शक्तीने टिकणारे काही मानावे लागणार असेल, तर ते पृथ्वीलाच का मानू नये? मग ती सपाट का भासते, याचेही उत्तर त्यांनी देऊन ठेवले: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच दिसतो, आणि माणूस तर फारच लहान. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. गोल पृथ्वी महाराष्ट्रात इंग्रजांच्या गलबतातून उतरली, ही समजूत म्हणून टिकत नाही.

गंमत अशी की भास्कराचार्यही एका जागी नमते घेतात. ग्रहण सावल्यांमुळे होते हे त्यांना चोख ठाऊक. गणित त्यावरच केलेले. तरीही राहूबद्दल श्रुती-पुराणे जे सांगतात ते खोटे पडू नये म्हणून, ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो अशी तोड त्यांनी मान्य केली. त्यांच्या पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्तानेही राहूची बाजू घेतली होती. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात ते वाचले तेव्हा तो चक्रावला. एवढा मोठा गणिती असे का लिहितो? सॉक्रेटिसाच्या वाट्याला आले ते आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहिले असेल, असा तर्क त्याने केला. तर्क उदार आहे. प्रस्तुत वक्त्याला मात्र भीतीपेक्षा सोय हे कारण जास्त पटते.

ही सोय सतराव्या शतकात काशीत शास्त्राच्या पदाला पोचली. गोदाकाठच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर तिथे राहून महाभारतावर टीका लिहीत होते. आज आपण महाभारताची जी पारंपरिक टीका वाचतो ती त्यांचीच. भीष्मपर्वात संजय धृतराष्ट्राला पृथ्वीचे वर्णन सांगतो, तिथे नीलकंठांना अडचण आली आणि पुराणांचे मत व सूर्यसिद्धांताचे मत यांचा मेळ घालायला ते बसले. अर्थाची ओढाताण केली की कुठलीही दोन वाक्ये जुळतात. नीलकंठ त्या कामात निष्णात होते.

आता मराठी लढाई. भोपाळजवळच्या सीहोर छावणीत लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा पोलिटिकल एजंट होता. संस्कृत शिकलेला, आणि एका कल्पनेने झपाटलेला. युरोपचे खगोलशास्त्र थेट शिकवले तर लोक ते परक्यांचे म्हणून टाकून देतील. आधी भास्कराचार्य शिकवा, त्या पायरीवरून कोपर्निकस आपोआप चढता येईल, असे त्याने १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. त्याच्या शाळेत सुबाजी बापू नावाचे मराठी ब्राह्मण पंडित होते. त्यांनी १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणांचे मत, सिद्धांतांचे मत आणि कोपर्निकसचे मत, अशी तीन मते शेजारी शेजारी मांडून तपासलेली. एका शास्त्र्याने, गावच्या जोशाला वाचता येईल अशा भाषेत, आपल्याच पुराणांचा भूगोल टिकत नाही असे छापून सांगणे हे त्या काळात साधे धाडस नव्हते. 'दर्पण' हे पहिले मराठी वर्तमानपत्र निघून तेव्हा चारच वर्षे झाली होती.

उत्तर आले. यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे हे स्वतः नामांकित ज्योतिषी. वेधयंत्रांवरच्या ग्रंथांना त्यांनी टीका लिहिल्या. सावलीचे, कोनांचे गणित त्यांच्या हातात खेळत होते. त्यांनी 'अविरोधप्रकाश' लिहिला. पुराणे आणि सिद्धांत यांच्यात विरोध नाहीच, हे त्याचे प्रतिपादन. सुबाजी गप्प बसले नाहीत. १८३७ साली 'अविरोधप्रकाशविवेक' लिहून त्यांनी प्रत्युत्तर दिले.

या वादात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की पृथ्वी सपाटच आहे असे ठासून सांगणारा विद्वान प्रतिपक्षी सुबाजींना मिळाला नाही. मिळाला तो 'दोन्ही खरे' म्हणणारा. सपाट म्हणणाऱ्याला सावलीपाशी, ग्रहणापाशी, समुद्रावरच्या गलबतापाशी नेता येते. दोन्ही खरे म्हणणाऱ्याला नेणार कुठे? तुमचे गणित तो आधीच मान्य करतो आणि तुमचा निष्कर्ष तेवढा बाजूला ठेवतो. पुस्तकांच्या युक्तिवादात सुबाजी वरचढ ठरले असे म्हणता येईल. व्यवहारात जिंकले यज्ञेश्वर. आज ग्रहणाच्या दिवशी मराठी वर्तमानपत्राच्या एकाच पानावर चंद्र पृथ्वीच्या सावलीत कसा शिरतो याची आकृती आणि गर्भवतींनी वेध कधीपासून पाळावेत याचे कोष्टक शेजारी शेजारी येते. त्या पानाचा खरा संपादक १८३७ सालचा आहे.

सुबाजींचेही देव्हारे माजवण्याचे कारण नाही. विल्किन्सनला 'वज्रसूची' हा अश्वघोषाच्या नावावर असलेला ग्रंथ छापायचा होता. जन्मावरून ब्राह्मण्य ठरते या कल्पनेची त्यात साले काढलेली आहेत. सुबाजी अस्वस्थ झाले. आपले उत्तर सोबत छापत असाल तर छापा, अशा तडजोडीवर १८३९ साली मूळ ग्रंथ आणि सुबाजींचा 'टंक' एकाच पुस्तकात निघाले. मेरू पाडायला तयार असलेला माणूस वर्णाची उतरंड सोडायला तयार नव्हता. तरी त्यांच्या पदरी एक गोष्ट टाकली पाहिजे: त्यांनी 'वज्रसूची'शी अविरोध दाखवला नाही. उघड विरोध केला आणि दोन्ही बाजू वाचकापुढे येऊ दिल्या.

विल्किन्सन १८४१ साली वारला. त्याने नागपुरातून सीहोरला नेलेला एक तरुण, बापूदेव शास्त्री, पुढच्याच वर्षी बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागला आणि विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्याने तपासल्यावर १८६१ साली प्रसिद्ध झाले. सीहोरचे पीक असे काशीत आले.

शंका घेणाऱ्याच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण शाळेत गोल पृथ्वीचे जे पुरावे शिकवले जातात त्यातले काही वाटतात तेवढे भक्कम नाहीत. एराटोस्थेनिसने दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ मानला, तरी दोन गावांच्या सावल्या वेगळ्याच पडतात. प्राचीन चीनमध्ये 'झोउबी' या ग्रंथात नेमके असेच करून सूर्याची उंची ८० हजार ली काढली आहे. गणितात चूक नाही; गृहीत वेगळे. निवाडा करायचा तर तिसरे गाव लागते.

ते आपल्या देशात मिळते. समरात्रिदिनी दुपारी एक मीटरची काठी उभी केली तर कन्याकुमारीला तिची सावली सुमारे १४ सेंटिमीटर पडेल. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. जमीन सपाट असेल तर सावली विषुववृत्तापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढली पाहिजे. कन्याकुमारीच्या आकड्यावरून त्रैराशिक मांडले तर वडोदऱ्याला ३९ आणि श्रीनगरला ६० सेंटिमीटर येतात. प्रत्यक्षात वडोदऱ्याला ४१ आणि श्रीनगरला जवळपास ६८ भरते. वडोदऱ्याचा फरक मोजणाऱ्याच्या हाताच्या कापण्यात हरवेल. श्रीनगरचे आठ सेंटिमीटर हरवत नाहीत. काठी, ओळंबा, टेप आणि तीन गावांतल्या तीन शाळा, एवढ्यावर हा खटला उभा राहतो.

प्रयोग झाला म्हणजे वाद मिटतो असेही नाही. इंग्लंडात १८७० साली जॉन हॅम्पडेन या सपाटवाद्याने ५०० पौंडांची पैज लावली आणि आल्फ्रेड रसेल वॉलेसने, उत्क्रांतिवादाच्या त्या सहसंशोधकाने, ती घेतली. बेडफर्डच्या सरळसोट कालव्यावर सहा मैलांत एकाच उंचीच्या खुणा लावल्या. मधली खूण दुर्बिणीतून वर उचललेली दिसली. पंचाने वॉलेसच्या बाजूने निकाल दिला. हॅम्पडेनने पुढे कित्येक वर्षे वॉलेसला शिवीगाळीच्या पत्रांनी छळले, आणि पैज कायद्याने वसूल होत नाही म्हणून पैसेही परत मिळवले. वॉलेसला आयुष्यभर पस्तावा झाला तो या पैजेचा.

पृथ्वीच्या आकारावर खरी, फळ देणारी शंका कशी असते हे पाहायचे तर विदर्भात जावे लागते. हिंगणघाटला विल्यम लॅम्टन या इंग्रज सर्वेक्षकाचे थडगे आहे. मद्रासजवळ १८०२ साली त्याने पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेला सरकत राहिला. नकाशे हे सरकारला दाखवायचे कारण. त्याला स्वतःला पृथ्वीचा वक्राकार मोजायचा होता, ती ध्रुवांपाशी किती चपटी आहे ते ठरवायचे होते. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो काम करता करताच वारला. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टने ते काम पुढे नेले, आणि शेवटी एक खडा दाताखाली आला. कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांमधले अंतर ताऱ्यांवरून एक येई, त्रिकोणांवरून दुसरे. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे एका अंशाचा जेमतेम सातशेवा भाग. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिशेब केला की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो. पण त्या ओढीने फरक १५.८८५ विकला यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही. या तिपटीच्या कोड्यातून १८५५ साली एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सुचवले की पर्वतांच्या खाली हलक्या खडकांची खोल मुळे असतात. आजच्या भूशास्त्रातली समस्थायित्वाची कल्पना या पाच विकलांच्या संशयातून आली. इथे प्रस्थापित उत्तरावर शंका घेतली होती ती आकडे जुळवणाऱ्यांनीच.

गुजरातेत उघड विरोधाचीही एक परंपरा आहे. जैन संग्रहणी-पोथ्यांमधली अढीद्वीपाची रंगीत वर्तुळे पाहिलेल्यांना ती आठवतील. त्या मतात जंबुद्वीपावर सूर्य दोन आणि चंद्रही दोन. भास्कराचार्यांनी त्याचेही खंडन केले आहे. विसाव्या शतकात पंन्यास अभयसागरजी या मुनींनी पृथ्वी गोल आहे का, ती फिरते का, माणूस खरोखर चंद्रावर उतरला का, असे प्रश्न विचारणाऱ्या पुस्तिका काढल्या, शास्त्रज्ञांपुढे आक्षेप मांडले, आणि पालिताण्याला शत्रुंजयाच्या पायथ्याशी जंबुद्वीपाची भव्य रचना त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. त्यांचे निष्कर्ष चुकीचे आहेत; याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. पण एका बाबतीत ते यज्ञेश्वरांहून सरळ होते. आगम आणि आधुनिक खगोल यांतले एकच खरे असू शकते, हे त्यांनी ओळखले. कमी पडले ते पुढचे पाऊल: आपल्या पृथ्वीवर श्रीनगरची सावली किती सेंटिमीटर पडेल, हा आकडा.

बहुमताच्या विरुद्ध उभे राहून तो आकडा देणारा माणूस मराठीने पाहिला आहे. जयंत नारळीकरांची ओळख महाराष्ट्राला विज्ञानकथांचे लेखक आणि फलज्योतिषाचे टीकाकार म्हणून. २००८ साली त्यांनी पुण्यात सहकाऱ्यांसह एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली; सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती. पण हेच नारळीकर स्वतःच्या क्षेत्रात जन्मभर अल्पमतात होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन सुरू केले, तेव्हा हॉइल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत अजून शर्यतीत होता: विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावते तसतसे नवे द्रव्य निर्माण होत राहते. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. नारळीकरांना तेव्हा दोन सोयीच्या वाटा मोकळ्या होत्या: बहुमतात सामील होणे, किंवा दोन्ही सिद्धांत आपापल्या जागी बरोबर आहेत असे म्हणून सुटणे. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेले, अर्धस्थिर विश्वाचे प्रतिरूप मांडले. त्या प्रारणाचा आपल्या परीने उलगडा केला, आणि आपले म्हणणे कुठे तपासता येईल तेही सांगितले. महास्फोटवादी आज विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानतात. अर्धस्थिर विश्वात त्याहून कितीतरी म्हातारे, कमी वस्तुमानाचे तारे कुठे ना कुठे असायला हवेत. ते शोधा, असे या तिघांनी दुर्बिणवाल्यांना सुचवले.

तसा तारा खात्रीने सापडलेला नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ महास्फोटाच्याच बाजूला होते. नारळीकरांचे आक्षेप शोधनिबंधांत छापलेले आहेत, समीकरणांसकट, आणि त्यांना खोटे पाडायचे असेल तर काय मोजावे तेही त्यातच लिहिलेले आहे.